एकाच पुरात दोघा भावांना वेगवेगळी मदत: हिशेब कसा लावायचा?

सीनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचे गाव सीना नदीच्या काठी आहे. सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या पंधरवड्यात नदी पात्र सोडून रानात शिरली, तेव्हा माझे वडील आणि धाकटे चुलते या दोघांचेही काढणीला आलेले सोयाबीन चार दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरले तेव्हा शेंगांना जागेवरच कोंब फुटलेले होते, आणि वडिलांच्या नदीकडच्या तुकड्यातली काही माती तर पिकासकट वाहून गेली होती. दोघांची राने एकमेकांना लागून आहेत, मध्ये फक्त बांध आहे. पंचनामाही एकाच दिवशी, एकाच पथकाने केला.

त्यानंतर दोघांच्या खात्यांत पैसे जमा झाले ते असे. चुलत्यांना आधी १६,१५० रुपये आणि काही आठवड्यांनी १९,००० रुपये मिळाले. वडिलांना आधी ५,९५० आणि नंतर ७,००० रुपये मिळाले. माझ्या माहितीप्रमाणे वाटणीत दोघांना सारखीच, म्हणजे प्रत्येकी १ हेक्टर ९० आर जमीन आलेली आहे. पीक सारखे, पाणी सारखे आणि नुकसान झालेच असेल तर वडिलांचे जास्त, असे असताना एवढा फरक का पडावा हे आम्हाला कळत नाही. गावात चर्चा अशी आहे की चुलते कोणाला तरी भेटून आले असतील. वडिलांनी ते मनाला लावून घेतले असून दिवाळीपासून दोघा भावांचे बोलणे बंद आहे.

मी पुण्यात नोकरी करते आणि शेतीच्या कागदपत्रांतले मला फारसे कळत नाही. वर्तमानपत्रांत हेक्टरी १८,५०० रुपये असे वाचले होते, पण वडिलांच्या खात्यात आलेली कोणतीच रक्कम त्या आकड्याशी जुळत नाही. शिवाय खरडून गेलेल्या जमिनीसाठी वेगळी मदत जाहीर झाली होती, तीही अद्याप आलेली नाही. हा हिशेब नेमका कसा लावला जातो आणि चूक असेल तर ती कोणत्या टप्प्यावर शोधायची, हे जाणकारांनी सांगितले तर मोठी मदत होईल.

जुने दप्तर

ताई, मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आपण दिलेल्या चार आकड्यांतच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, म्हणून आधी तेवढे पाहू.

केंद्र सरकारने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाकरिता जे दर ठरवून दिले आहेत, त्यांत जिरायत पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकासाठी १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकासाठी २२,५०० रुपये आहेत. हेक्टरी ८,५०० म्हणजे एका आरला ८५ रुपये. आता चुलत्यांच्या १६,१५० ला ८५ ने भागा, १९० आर येतात. वडिलांच्या ५,९५० ला भागा, ७० आर येतात. दुसरा हप्ता हेक्टरी १०,००० रुपयांचा आहे, तो राज्याने रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर खर्चासाठी वर दिला. १९,००० म्हणजे पुन्हा १९० आर, आणि ७,००० म्हणजे पुन्हा ७० आर. आपण वाचलेले १८,५०० म्हणजे ८,५०० आणि १०,००० यांची बेरीज होय. ती दोन वेगवेगळ्या आदेशांनी आणि दोन वेगवेगळ्या वेळी जमा झाल्यामुळे खातेदाराला ओळखू येत नाही.

याचा अर्थ असा की दोघांनाही दर एकच लागला आहे, नुकसानीचा वर्गही एकच धरला आहे आणि कोणी कोणाला भेटून रक्कम वाढवून घेतलेली नाही. फरक आहे तो फक्त क्षेत्राचा. वडिलांच्या नावावर १९० आर नसून ७० आरच धरले गेले आहेत, तेव्हा उरलेले १२० आर कुठे गेले, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. त्यासाठी वडिलांचा खाते उतारा, म्हणजे गाव नमुना आठ अ, आणि त्यांच्या वहिवाटीत असलेल्या प्रत्येक गटाचा सातबारा काढून इथे सांगा. वहिवाटीतल्या, असे मुद्दाम लिहिले आहे. नावावरच्या नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती न कळल्यामुळे बरेच गैरसमज होतात. सरकारी भाषेत या मदतीचे नाव निविष्ठा अनुदान असे आहे. गेलेल्या पिकाची किंमत भरून देणे हा तिचा हेतूच नाही, पुढच्या हंगामाच्या बी-खताला हातभार लागावा एवढाच आहे. म्हणूनच ती एका हंगामात एकदाच मिळते. ऑगस्टमध्ये अतिवृष्टी झाली आणि सप्टेंबरमध्ये पूर आला तरी त्याच पिकासाठी दोनदा मिळत नाही. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. २०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती, म्हणजे अर्धे पीक गेल्याशिवाय पंचनाम्याला अर्थच नसे. ते टक्के बांधावर उभे राहून नजरेने ठरवण्याचे काम तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक हे तिघे मिळून करतात. (अलीकडे या तिघांचीही पदनामे बदलून ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली आहेत. गावात मात्र तलाठी हा तलाठीच राहिला आहे.)

पांढरं सोनं

मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूस उत्पादक आहे. वरील हिशेब बरोबर आहे, पण तो वाचून दर योग्यच आहे असे कोणी समजू नये म्हणून लिहितो. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. हेक्टरी ८,५०० रुपये म्हणजे दीड क्विंटलपेक्षा थोडे जास्त सोयाबीन झाले. अडीच एकर रानातल्या सगळ्या पिकाच्या बदल्यात शेतकऱ्याच्या हाती चार पोत्यांचेही पैसे पडत नाहीत.

दुसरे म्हणजे हे दर नेहमीच असे नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जिरायतीसाठी १३,६००, बागायतीसाठी २७,००० आणि बहुवार्षिक पिकांसाठी ३६,००० रुपये असे दर लागू केले होते आणि एका शेतकऱ्याला मदत मिळण्याची क्षेत्रमर्यादाही दोनऐवजी तीन हेक्टर केली होती. पुढे ३० मे २०२५ च्या शासन निर्णयाने आपण पुन्हा ८,५०० आणि दोन हेक्टरवर आलो, आणि नेमक्या त्याच खरिपात मराठवाड्यावर आभाळ फाटले. मग ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांनी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली. मे महिन्यात जे काढून घेतले तेच ऑक्टोबरमध्ये वेगळ्या नावाने परत दिले, असे माझे मत आहे.

सीनाकाठ ताई, आपल्या वडिलांच्या बाबतीत माझा अंदाज असा की १२० आरवर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलच्या ॲपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, केलेली नसावी. ॲपवर पिकाची नोंद नसेल तर ते रान पड धरले जाते आणि मदत मिळत नाही. आमच्याकडे हे पुष्कळदा घडते.

जुने दप्तर

दराबद्दलचे आपले आकडे बरोबर आहेत आणि रागही समजण्यासारखा आहे. फक्त हिशेब पुरता मांडायचा तर एवढे जोडावे लागेल की १३,६०० हा आकडा केंद्राच्या २०१५ च्या ६,८०० या दराची दुप्पट होता. केंद्राच्या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. केंद्राच्या दरापेक्षा जास्त द्यायचे ठरवले की वरची सगळी रक्कम राज्याच्या तिजोरीतून जाते, आणि तिजोरी पाहून राज्य तो हात कधी सैल सोडते, कधी आखडते. रब्बीसाठीचे १०,००० आणि दोन ते तीन हेक्टरमधल्या क्षेत्राची मदत यांचे आदेश वेगळे निघाले ते याच कारणाने. ज्यांची जमीन अडीच हेक्टर आहे अशा कित्येकांना आधी दोन हेक्टरचेच पैसे आले, आणि अर्धा हेक्टर कोणी खाल्ला म्हणून ते तलाठ्याच्या अंगावर धावून गेले. ती रक्कम मागाहून येणार होती.

ई-पीक पाहणीबद्दल मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. पंचनामा हा प्रत्यक्ष पाहणीवर होतो. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर वाद उभा राहतो आणि कारकुनाला नाही म्हणायला निमित्त मिळते हे खरे, परंतु पथकाने रानात जाऊन सोयाबीन पाहिले आणि तसे लिहिले असेल तर केवळ ॲपवर नोंद नाही म्हणून सबंध गट गळून पडू नये. इथे दोन भावांच्या रानांत एकच बांध आहे आणि पथकही एकच होते. मला दुसराच संशय येतो आहे, पण उतारे आल्याशिवाय बोलणे बरे नव्हे.

आणखी एक मुद्दा, तो इथे नसला तरी वाचणाऱ्या इतरांच्या उपयोगाचा आहे. पुष्कळ जण ‘आमच्या महसूल मंडळात (म्हणजे आसपासच्या गावांच्या गटात) ६५ मिलिमीटर पाऊस झालाच नाही, मग मदत कशी मिळणार’ असे विचारतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर हा निकष अतिवृष्टीचा आहे, आणि अतिवृष्टी ही राज्याने आपल्या अधिकारात आपत्तींच्या यादीत घातलेली बाब आहे. पूर ही केंद्राच्या मूळ यादीतलीच आपत्ती आहे. वरच्या अंगाला पाऊस पडून नदी तुमच्या रानात आली तर तुमच्या मंडळातल्या पर्जन्यमापकात किती पाणी साठले होते हा प्रश्नच गैरलागू ठरतो. २०२५ च्या पॅकेजमध्ये ती अट सरसकट शिथिलच केली गेली, पण पुढच्या वेळी ती पुन्हा लागू शकते म्हणून हा भेद लक्षात ठेवावा.

पीक विम्याचा आणि या मदतीचा काही संबंध नाही हेही सांगून टाकतो. विमा उतरवला होता म्हणून मदत नाकारता येत नाही. मात्र खरीप २०२५ पासून राज्यात विम्याची भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून (निवडक रानांतले पीक कापून, मोजून) निघालेल्या मंडळाच्या उत्पन्नावर ठरते. पूर्वीसारखी ७२ तासांत तक्रार करून आपल्या एकट्या रानाची भरपाई मागण्याची सोय त्यात राहिलेली नाही.

सीनाकाठ

काका, आपले मनःपूर्वक आभार. ८५ ने भागायचे आपण सांगितल्यावर मी तो हिशेब वडिलांना दूरध्वनीवरून करायला लावला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘म्हणजे त्याने काही केले नाही तर.’

महाभूमीच्या संकेतस्थळावरून उतारे काढले. वडिलांच्या आठ अ वर खरोखरच ०.७० हेक्टर इतकेच क्षेत्र आहे. उरलेल्या १.२० हेक्टरचा गट, म्हणजे नदीकडचा तुकडा, माझ्या आजीच्या नावावर आहे. वाटणी झाली तेव्हा आजी आमच्याकडे राहत होती, म्हणून वडिलांच्या हिश्श्यातला तो गट तिच्या नावावर ठेवला होता, असे आता आई सांगते. आजी २०२२ मध्ये वारली. त्यानंतर वारसनोंद कोणी केलीच नाही. तो तुकडा वडीलच कसतात, वीजबिल तेच भरतात आणि गावात सगळे त्यांचाच म्हणतात, त्यामुळे कागदावर तो त्यांचा नाही ही गोष्ट घरातही कोणाच्या लक्षात राहिली नव्हती. ई-पीक पाहणी वडिलांनी दोन्ही गटांवर केली होती आणि सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंदही दिसते आहे.

सेवा केंद्र

मी एका तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. मदतीचे पैसे अडकलेले निदान शंभर जण तरी या हंगामात माझ्यासमोर बसून गेले असतील. त्यांतल्या बहुतेकांची अडचण आपल्यासारखीच होती, म्हणून सविस्तर लिहितो.

पंचनामा झाला की तलाठी शेतकऱ्याचे नाव, गट, बाधित क्षेत्र आणि आधार क्रमांक ही माहिती भरतात आणि तहसील कार्यालयाच्या मान्यतेने ती यादी शासनाच्या प्रणालीवर चढते. प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक पडतो, त्यालाच आम्ही व्हीके नंबर म्हणतो. यादी गावात लागते. तो क्रमांक घेऊन शेतकरी केंद्रावर येतो, अंगठा लावून ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करतो आणि मग रक्कम त्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. ॲग्रिस्टॅक या सरकारी शेतकरी नोंदणीचा शेतकरी ओळख क्रमांक ज्यांनी काढला होता त्यांना २०२५ च्या मदतीसाठी ई-केवायसीतून सूट मिळाली. आपल्या वडिलांचे पैसे कुठेही न जाता आपोआप आले, त्यावरून त्यांच्याकडे तो क्रमांक असावा. परंतु त्या क्रमांकात त्यांच्या स्वतःच्या नावावरचेच गट जोडलेले असतात. आजींच्या नावावरचा गट त्यात येणारच नाही.

माझा अंदाज असा आहे की आपल्या १२० आरची मदत नाकारली गेलेली नसून ती मंजूर होऊन आजींच्याच नावाने यादीत पडून आहे. पथकाने रान पाहिले, सातबाऱ्यावर जे नाव होते ते लिहिले आणि यादी वर गेली. आता अंगठा लावायला ती व्यक्ती या जगात नाही, म्हणून ते नाव ई-केवायसी प्रलंबित असे दाखवत राहते. आपल्या वडिलांना गावच्या यादीत स्वतःचे नाव शोधू नका, आजीचे नाव शोधा, असे सांगा. माझ्याकडे एक गृहस्थ तीन महिने स्वतःचे नाव शोधत होते, आणि त्याच यादीत चार ओळी खाली त्यांच्या दिवंगत वडिलांचे नाव होते.

नाव सापडले तर तहसील कार्यालयात नैसर्गिक आपत्तीचा कक्ष असतो तिथे लेखी अर्ज द्यावा. सोबत मृत्यूचा दाखला, वारसनोंदीचा फेरफार (सातबाऱ्यावरील नाव बदलाची नोंद) किंवा निदान तो दाखल केल्याची पोच, आणि इतर वारसांचे संमतीपत्र जोडावे. आमच्या भागात तरी मयत खातेदाराच्या जागी वारसाचे नाव अशाच पद्धतीने चढते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नये.

अजून एक. पैसे जमा झाले असे प्रणाली दाखवते आणि पासबुकात काहीच नसते, अशाही तक्रारी येतात. आधारशी शेवटी जे खाते जोडले गेले असेल त्यात पैसे जातात. कधी काळी एखाद्या योजनेसाठी उघडलेले आणि विसरलेले खाते असते, तिथे ते बसलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक संलग्नतेची स्थिती पाहता येते. जमिनीचे खाते सामायिक असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती एकाच्या नावे लागते, आणि सख्ख्या भावांत बोलणे बंद असेल तर मग आम्हीही काही करू शकत नाही.

जुने दप्तर

माझा संशय हाच होता. गटाचे क्षेत्र दशांशापर्यंत बरोबर जुळते तेव्हा कोणी टक्के कापलेले नसतात, तो सबंध गटच दुसऱ्या खात्यात असतो.

आता वारसनोंदीबद्दल, आणि ताई, हा भाग जरा काळजीपूर्वक वाचा. तो गट आजींच्या नावावर होता, तेव्हा तो एकट्या आपल्या वडिलांच्या नावावर आपोआप येणार नाही. आजोबा आधीच वारले असतील तर आजींची सगळी मुले सारख्या हक्काने वारस ठरतात, म्हणजे आपले वडील, चुलते आणि आत्या असतील तर त्याही. गट कोण कसतो, वाटणीच्या वेळी तोंडी काय ठरले होते, आत्यांच्या लग्नात काय दिले, यातले काहीही वारसनोंदीच्या वेळी विचारात घेतले जात नाही आणि घेऊही नये. आमच्या नोकरीत बहिणींची नावे वगळून वारसांची यादी देणारे भाऊ आम्ही पुष्कळ पाहिले. ती यादी तशीच मंजूर झाली तर पुढे दहा वर्षांनी तंटा उभा राहतो आणि तोपर्यंत साक्षीदारही उरलेले नसतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या करता येतो. तलाठी वारसांची चौकशी करून फेरफार नोंदवतात, हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. एप्रिल २०२५ पासून राज्यात ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम झाली ती अशाच मयत खातेदारांची नावे उतरवण्यासाठी होती. त्या वेळी गावात दवंडी नक्कीच झाली असेल, पण आपली जमीन आपलीच आहे असे वाटत असल्यावर दवंडी कोण ऐकतो.

नोंद झाल्यावर या सगळ्या वारसांची नावे लागतील. त्यानंतर चुलते आणि आत्या यांना तो गट आपल्या वडिलांकडेच ठेवायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येईल. तो सर्वस्वी त्यांच्या मर्जीचा प्रश्न आहे आणि मदतीच्या पैशांसाठी त्याची गरजही नाही. मदतीपुरते इतर वारसांचे संमतीपत्र पुरते. हे दोन विषय एकमेकांत मिसळू देऊ नका. बावीस हजारांच्या मदतीसाठी संमती मागायला जाऊन त्याच बैठकीत हक्कसोडीचा कागद पुढे केला तर बहिणीला जे वाटायचे ते वाटतेच.

खरडलेल्या जमिनीबद्दल. केंद्राच्या २०२५-२६ पर्यंतच्या याच निकषांत दोन वेगळ्या बाबी आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. पुराने आणलेला गाळ किंवा वाळू शेतात तीन इंचांपेक्षा जास्त जाडीने साठली असेल तर तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये मिळतात. नदीने पात्र बदलल्याने किंवा दरड कोसळल्याने जमिनीचा मोठा भागच गेला असेल तर हेक्टरी ४७,००० रुपये मिळतात. दोन्ही फक्त अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना आहेत. २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीसाठी या ४७,००० खेरीज रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामे देण्याचे जाहीर झाले. ती रोख रक्कम नव्हे. माती आणून टाकण्याचे आणि बांध घालण्याचे ते काम आहे आणि त्यासाठी वेगळा प्रस्ताव करावा लागतो.

तेव्हा पंचनाम्यात ‘गाळ साचला’ असे लिहिले आहे की ‘जमीन खरडून गेली’ असे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्या दोन शब्दांत हेक्टरी २९,००० रुपयांचा फरक आहे. पंचनाम्याची प्रत सहज मिळाली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आणि वडिलांकडे पुरानंतर लगेच काढलेली छायाचित्रे असतील तर ती जपून ठेवा.

पांढरं सोनं

माझा ई-पीक पाहणीचा अंदाज चुकला, हे मान्य. एक भर घालतो. पैसे आजींच्या खात्याऐवजी वडिलांच्या खात्यात येतील तेव्हा त्या खात्यावर पीक कर्ज थकीत असेल तर बँक रक्कम अडवू शकते. माझ्या बाबतीत असे झाले होते. रक्कम जमा झालेली दिसत होती, पण काढता येत नव्हती, आणि शाखेत विचारले की वरून होल्ड आहे एवढेच सांगत. मदतीच्या रकमेतून बँकांनी कोणतीही वसुली करू नये असे मदतवाटपाच्या शासन निर्णयांतच लिहिलेले असते. मी त्या निर्णयाची प्रत काढली, तो परिच्छेद पेनाने अधोरेखित केला, शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला आणि त्याची एक प्रत तहसीलदारांना दिली. नऊ दिवसांनी रक्कम मोकळी झाली. तोंडी भांडण्यात मी त्याआधी दीड महिना घालवला होता.

सीनाकाठ

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण या वेळी मी स्वतः गावी जाऊन आले.

यादीत आजीचे नाव सापडले. क्षेत्र १.२० हेक्टर, पिकासाठीची रक्कम १०,२०० रुपये, स्थिती प्रलंबित. आमच्या वाड्यापासून चावडी दोनशे पावलांवर आहे आणि तिथे लावलेली ती यादी वडिलांनी चार वेळा वाचली होती. आजीचे नाव त्यांना दिसले कसे नाही, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की दिसले होते, पण तिच्या नावाची दुसरी एखादी बाई असेल असे वाटले.

पंचनाम्याची प्रत अर्ज केल्यावर मिळाली, माहिती अधिकारापर्यंत जावे लागले नाही. त्यात नदीकडच्या गटात ३० आर जमीन खरडून गेली असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे ४७,००० च्या दराने १४,१०० रुपये होतात, आणि तेही आजीच्याच खात्यावर अडकलेले आहेत. रब्बीच्या मदतीचे १२,००० धरले तर तीन बाबींची मिळून ३६,३०० रुपये इतकी रक्कम तिच्या नावावर थांबलेली आहे. रोजगार हमीच्या कामासाठी ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज दिला आहे.

वारसनोंदीचा अर्ज ई-हक्कवर भरला. वडील, चुलते आणि आत्या अशी तिघांची नावे दिली. आत्या मुंबईला असतात. त्यांना ‘जुने दप्तर’ काकांनी इथे लिहिल्याप्रमाणे फक्त मदतीच्या संमतीपत्राबद्दल विचारले, बाकी काही काढले नाही. त्या पुढच्या आठवड्यात येऊन सही करणार आहेत. आपले नाव सातबाऱ्यावर लागणार हे त्यांना माहीत नव्हते. ते ऐकल्यावर त्यांनी गट क्रमांक विचारून लिहून घेतला.

चुलत्यांकडे जायचे कोणी, यावर घरात दोन दिवस गेले. शेवटी वडील यादीचा कागद घेऊन एकटेच गेले. तहसीलला अर्ज द्यायला दोघे चुलत्यांच्याच मोटारसायकलवर गेले होते. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतलेली आहे.